समोरून बघायचं सॅलड

सोमवार, ४

शेगडी गेली. काल चिरंजीव स्वतः आले, नळी काढली, सिलिंडर परत देऊन टाकला आणि शेगडी जुन्या चादरीत गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवली. जाताना म्हणाले, "बाबा, राग मानू नका." मी राग मानलेला नाही. फक्त लिहून ठेवतो आहे, कारण कोण काय म्हणालं यावरून पुढे वाद होतात.

घडलं ते एवढंच. मी दूध तापत ठेवलं होतं. आमच्या खिडकीतून समोरच्या स्टेशनरीच्या दुकानाची शोकेस दिसते. तिथला मालक वह्यांचा मनोरा रचत होता आणि सगळ्यात मोठी वही त्याने सगळ्यात वर ठेवली. मला बघवेना. खाली जाऊन त्याला समजावून सांगायला लागलो आणि सांगता सांगता मीच मनोरा रचून दिला. वर आलो तर दार सताड उघडं, घरभर धूर, स्वयंपाकघराचा पडदा जळून गेलेला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाई ओली चादर घेऊन उभ्या. या बाई हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या तरी सगळी बिल्डिंग त्यांना मेट्रनच म्हणते. आमची ही होती तेव्हापासून आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही, सरळ चिरंजीवांना फोन लावला.

आता व्यवस्था अशी: जेवणाचा डबा बाहेरून येणार. चहासाठी विजेची किटली आहे, ती आपोआप बंद होते. सतरा तारखेला, रविवारी, चिरंजीव, सूनबाई आणि नात जेवायला येणार आणि मग "शांतपणे बोलू". काय बोलणार ते मला ठाऊक आहे. त्यांनी त्यांच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. हे घर भाड्याने द्यायचं आणि मला तिकडे न्यायचं.

मला जायचं नाही. इथे दिवे गेले तरी माझा हात बरोबर कडीवर पडतो. दुसऱ्याच्या घरात म्हातारा माणूस म्हणजे कोपऱ्यात मांडून ठेवलेला पुतळा. अशा पुतळ्यांशी माझा जन्मभराचा संबंध आहे, त्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

बुधवार, ६

चिरंजीवांचा फोन.

"बाबा, रविवारचं जेवण आम्ही घेऊन येतोय. तुम्ही काही करायचं नाही."

"सॅलड मी करणार."

"कशाला उगाच व्याप?"

"त्याला शेगडी लागत नाही."

मग तोंड बाजूला करून सांगितल्याचं ऐकू आलं, "बाबा सॅलड करतायत म्हणे." सूनबाई काय म्हणाली ते कळलं नाही. ती मुळात कमी बोलते. रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर काचेतून बघायचं काम. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या मनात काय चाललंय याचा मला कधी थांगपत्ता लागला नाही. मागची खोली तिने खुशीने रिकामी केली असेल असं मला वाटत नाही. कोण करेल?

मी एका मोठ्या कापडाच्या दुकानात शोकेस सजवायचो. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. लोकांना वाटतं त्यात काय, पुतळ्याला कोट घातला की झालं. पण घाईत चाललेला माणूस काचेपुढे थबकला पाहिजे, आणि का थबकलो हे त्याला कळता कामा नये. ती कला माझ्या हातात अजून आहे. मी असं सॅलड मांडणार आहे की ते बघितल्यावर "तुम्हाला एकट्याला झेपत नाही" असं म्हणायची कुणाची जीभ रेटणार नाही.

शनिवार, ९

पहिला प्रयत्न. काकड्या, गाजरं, मुळे, टोमॅटो, बीट आणि लेट्यूस आणलं. भाजीवाला म्हणाला, "काका, ससे पाळलेत का?"

बाहेरून काकडीचं कडं, आत टोमॅटोचं, मध्ये कांदा, असं करून पाहिलं. कँटीनमधलं सॅलड झालं. मग बीटाचे काप उभे लावले. पाचेक मिनिटं बरे दिसले. नंतर बीटाने काकडी रंगवली, मुळा रंगवला, ताट रंगवलं आणि माझा शर्टही सोडला नाही. नेमक्या त्याच वेळी मेट्रन आल्या.

"कुणाचं ऑपरेशन केलंत?"

मी ताट त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं आणि स्पष्ट मत विचारलं. त्या म्हणाल्या, "पेशंट वाचणार नाही," आणि बसून सगळं खाऊन टाकलं. त्यांची भूक चांगली आहे. माझ्या हाताला कुठे कापलंय का तेही त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. जुनी सवय असावी.

रविवार, १०

आज सुरी हातात घेतली नाही. आधी कागदावर मांडणी केली, हे कालच करायला हवं होतं. सपाट ताट म्हणजे मेलेली शोकेस. उंची पाहिजे. कोबीचा अर्धा गड्डा उपडा ठेवायचा, त्यावर लेट्यूसची पानं मागून पुढे पडद्यासारखी सोडायची, पुढे काकडीच्या चकत्यांचा उतार, त्यावर मुळ्याची फुलं, आणि अगदी वर एकच मोठं गाजराचं फूल. नजर आधी त्याच्यावर जाईल आणि मग पायरीपायरीने खाली उतरेल. बीट बाद.

वरचं फूल नातीसाठी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. तिची नजर त्या फुलावर पडली की ती तिथून हलणार नाही, अशी माझी पैज आहे.

मंगळवार, १२

मांडणी बरोबर आहे, पण काही जागेवर राहत नाही. लेट्यूस घसरतं. काकडी पाणी सोडते आणि उतार खाली येतो. टूथपिक लावून पाहिल्या. त्या जाड पडतात, मुळ्याची चकती तडकते. मुळे बर्फाच्या पाण्यात ठेवल्यावर फुलं छान उमलली, पण गड्ड्यावर चढवली की मान टाकतात.

दुकानात हा प्रश्न कधी आला नाही. मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली असायची आणि हात न बघता टाचत जायचा. पुतळ्याच्या पाठीत किती टाचण्या आहेत ते काचेबाहेरच्या माणसाला कधी कळलं नाही. पण हे खायचं आहे. बारीक टूथपिक मिळतात का बघितलं पाहिजे.

मेट्रन म्हणाल्या, "चव तीच आहे हो, कसंही ठेवा." ज्यांनी आयुष्यभर ट्रेमध्ये औषधं मांडली त्यांच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. ताट मात्र रिकामं करून गेल्या.

गुरुवार, १४

बारीक टूथपिकचं पाकीट मिळालं. रविवारी तेच वापरायचं. भाजी शनिवारी संध्याकाळी आणायची.

आज मला मेट्रनची काळजी वाटली. परवा त्यांनी मला विचारलं होतं की आज वार कोणता. मी सांगितला. आज पुन्हा तेच, आणि वर तारीखही विचारली. मग म्हणाल्या, दुपारी डब्यात काय होतं? माझ्या डब्यात काय होतं ते मला विचारून त्यांना काय करायचंय? तरी सांगितलं. एक गोष्ट चुकली, ती कालच्या डब्यातली निघाली, पण त्यांना कुठे कळणार. नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत बसल्या. भूक नाही म्हणाल्या, तरी बसल्या. बाई एकट्या राहतात, विसरायला लागल्यात, आणि त्यांच्या मुलांना याचा पत्ताही नाही. कुणीतरी कळवायला हवं.

शनिवार, १६

घर लावलं. जळलेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं, नवीन पडदा खालपर्यंत सोडला. हिचा फोटो बैठकीत होता, तो दारातून आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसेल असा समोर घेतला. औषधांच्या बाटल्या कपाटात. जेवणाचं टेबल भिंतीला लावून टाकलं आणि खुर्च्या एकाच बाजूला ओळीने. आता सॅलडला मागे भिंत मिळते आणि सगळे समोरूनच बघणार. टेबल हलवताना कमरेत उसण भरली, पण काम झालं.

मेट्रननी डोकावून पाहिलं. "शोकेसवाले, टेबलाशी माणसं जेवायला बसणार आहेत की फोटो काढायला?"

मला उद्याची धास्ती आहे. हे लिहून ठेवतो. उद्या चुकलं तर पुढच्या महिन्यात मी इथे नसेन.

रविवार, १७, सकाळ

झालं! इतकं सुरेख काम मी निवृत्त झाल्यापासून केलेलं नाही.

लवकर उठलो. मुळ्याची फुलं, गाजराचं फूल रात्रभर पाण्यात होतीच. ड्रॉवरमध्ये सुरी शोधताना जुनी मनगटउशी हाताला लागली. उगाच बांधली. ती बांधली की खांद्यापासून हात सुटा होतो, ज्याने हे काम केलंय त्यालाच ते कळेल. मग मी आणि कोबीचा गड्डा, एवढंच जगात उरलं. मध्ये डबा घेऊन आलेल्या माणसाने किती वेळा बेल वाजवली कुणास ठाऊक, तो बाहेर ठेवून गेला. आज डबा नको म्हणून सांगायचं राहिलं होतं.

पानं एकदाही घसरली नाहीत. काकडीचा उतार जिथल्या तिथे. मुळ्याची फुलं माना ताठ करून उभी आहेत आणि वरचं गाजराचं फूल दारातून दिसतं. मी दाराबाहेर जाऊन, पाहुण्यासारखा आत येऊन दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा थबकलो. गाडीचा आवाज आला.

रविवार, १७, संध्याकाळ

ते गेले. निकाल माझ्या बाजूने लागला. पण माझं डोकं तापलेलं आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

चिरंजीव आत आल्या आल्या म्हणाले, "टेबल भिंतीला का चिकटवलंय? बसायचं कसं सगळ्यांनी?" आणि मी हां-हूं करायच्या आत त्यांनी टेबल ओढून खोलीच्या मधोमध आणलं, सॅलडसकट. मी दोन्ही हात पुढे केले. पण सॅलड हललं नाही. मग त्यांचं लक्ष गेलं आणि ते बघतच राहिले. "बाबा! हे तुम्ही केलंत?" फोटो काढला. बाजूला सरकून आणखी एक काढला. इतक्या वर्षांत माझी एकही शोकेस त्यांनी अशी उभं राहून पाहिलेली नाही. मला फार आनंद झाला.

भिंगरी उड्या मारायला लागली. "मला वरचं फूल! आजोबा, मला वरचं फूल!" पैज मी जिंकली.

सूनबाई वाढायला सोपं म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूला बसली, म्हणजे नेमकी सॅलडच्या पाठीमागे. मागची बाजू मी सजवलेली नव्हती. शोकेसची मागची बाजू कुणी सजवत नाही. ती तिथे बघत होती, डोळे बारीक करून, लॅबमध्ये बघत असेल तशी. कोबीचा बोडका गड्डा आणि देठं दिसत असणार. मी खजील झालो.

भिंगरीने फुलाकडे हात नेला. सूनबाईने तिचं मनगट पकडलं.

"हात धुतलेस?"

"धुतले!"

"परत धू. साबण लावून."

पोर रडवेली झाली. मी म्हटलं, "अगं, खाऊ दे की तिला. तिच्यासाठीच केलंय ते." सूनबाई मला काही बोलली नाही. उठली, दोन्ही हातांनी ताट उचललं, "मी हे नीट वाढून आणते," म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मी उठायला लागलो तर चिरंजीव म्हणाले, "बसा हो बाबा, आणेल ती."

बराच वेळ लागला. आणलं ते मोठ्या भांड्यात. सगळं बारीक चिरून, लिंबू पिळून, कालवून. पानं, फुलं, उतार, सगळ्याचा लगदा. भिंगरीला वाटीत गाजराचं फूल दिलं होतं, तेही तुकडे करून. "असं खायला सोपं पडतं," म्हणाली. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, आणि का असावी? आठवडाभराची मेहनत एका सुरीने संपवली. रागाने मला घास गिळवेना. घरात आलेल्या पाहुण्याने असं करावं? पाहुणा तरी करेल का?

जेवण झाल्यावर चिरंजीवांनी विषय काढला. "खरं सांगू का बाबा, मी तुम्हाला न्यायचं ठरवूनच आलो होतो. पण घर बघितलं, ते सॅलड बघितलं. इतकं नाजूक काम ज्याला जमतं त्याला इथून कशासाठी हलवायचं?" बुधवारी माणूस पाठवून शेगडी परत बसवतो म्हणाले. मग सूनबाईला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला आत्ता काही सुचत नाहीये." न सुचायला काय झालं? मागची खोली परत मिळाली, मनातून हायसं वाटलं असेल.

तर मी इथेच राहणार. हे मला हवं होतं आणि ते झालं. भांडी पडली आहेत, ती घासून येतो.

—

बेसिनमागे, साबणाच्या डब्याआड, बशीने झाकलेली एक वाटी होती. वाटीत टाचण्या. स्वच्छ धुतलेल्या.

मनगटउशी ओट्यावर पालथी पडली होती. तिच्यात थोड्याच उरल्या आहेत.

मला आठवत नाही. टूथपिक लावल्याचं आठवतं. पाकीट शोधलं तर ते भाजीच्या पिशवीत सापडलं, फोडलेलंही नाही. मग मी कोणती टूथपिक लावल्याचं मला आठवतंय?

"खाऊ दे की तिला," असं मी म्हणालो होतो. मोठ्याने म्हणालो होतो.

मग फोन लावला. ते अजून रस्त्यातच होते. सूनबाईने उचलला.

"भिंगरी कशी आहे?"

"मागे झोपलीय."

"सूनबाई, त्या वाटीत..."

"बाबा, मी सगळं हाताने चाचपून बघितलंय. दोनदा. आणि चिरतानाही बघितलं. एकही राहिलेली नाही." मग आवाज बदलून म्हणाली, "हो हो, डबा तुमच्याकडेच राहिलाय. असू दे. उद्या बोलू." चिरंजीव शेजारी गाडी चालवत असणार.

सोमवार, १८

दुपारी तिने लॅबमधून फोन केला. मी सकाळपासून फोनजवळच बसलो होतो.

मी विचारलं, "त्याला कधी सांगणार आहेस?"

"नाही सांगणार."

"का?"

"मी सांगितलं तर तुम्हाला यावंच लागेल. तुम्ही याल, मागच्या खोलीत बसाल आणि आमच्यावर रुसून दिवस काढाल. मला तुम्ही घरात हवे आहात, बाबा. पण धरून आणलेले नकोत."

ती पुढे म्हणाली, "काल घाबरले होते मी. तुमचं सॅलड मोडलं त्याचं वाईट वाटतंय. समोरून मी बघितलंच नाही, त्याच्या फोटोत बघितलं रात्री. खूप सुंदर झालं होतं."

मी तिला म्हटलं, "तुला खोली परत मिळाली म्हणून हायसं वाटलं असेल असं मला वाटलं होतं."

ती हसली. तिला हसताना मी फार कमी वेळा ऐकलंय. "खोलीचा रंग मी निवडलाय, बाबा. तुमच्या चिरंजीवांना तर रंग कुठला तेही माहीत नाही."

मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

मंगळवार, १९

आज पुन्हा एक सॅलड केलं. छोटं, ताटलीभर. उशी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. प्रत्येक टूथपिक लावताना तोंडाने बोलत गेलो, "ही टूथपिक." झाल्यावर चष्मा लावून सगळं उकललं. सगळ्या टूथपिकच निघाल्या.

म्हणजे मला जमतं. लक्ष ठेवलं की जमतं. असं वाटून मी चहा करून घेतला आणि अर्धा कप झाल्यावर लक्षात आलं की रविवारी सकाळीही मला हेच वाटत होतं. उलट आजच्यापेक्षा जास्त खात्रीने वाटत होतं. दाराबाहेर जाऊन दोनदा पाहिलं होतं मी. आत काय आहे ते मला बाहेरून दिसलं नाही, आणि मांडणारा मीच होतो.

उद्या शेगडी येणार.

संध्याकाळी मेट्रनना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचं मला वाटलं. त्यांनी वार, तारीख काही विचारलं नाही. ताटली पुढे ओढून शांतपणे खाल्लं. मग म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. पण रोज समोरच्या दारातून धूर येतोय का ते बघत झोपायचं, तेही आता मला होत नाही." मी म्हटलं, तुम्ही रोज बघत होता? त्या म्हणाल्या, "मग मी काय तुमची काकडी खायला येत होते?"

बुधवार, २०

शेगडीवाला आला. चादरीची गाठ सोडायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं.

"बसवायची नाही."

"अहो आजोबा, एवढ्या लांबून आलोय मी."

"चहा घे. परत घेऊन जा."

त्याने किटलीतला चहा प्यायला, डोकं हलवलं आणि शेगडी उचलून गेला. तो खाली उतरेपर्यंत मला वाटत होतं की हाक मारून परत बोलवावं. इथे मला सगळं माहीत आहे आणि तिथे काही माहीत नाही. तिथल्या घरात रात्री दिव्याचं बटण शोधावं लागेल. हिने लावलेला एकही खिळा तिथे नाही. हे सगळं मला दिसत होतं आणि तरी मी हाक मारली नाही.

मग चिरंजीवांना फोन केला आणि टाचण्यांचं सांगितलं. सुरुवातीपासून, काही न गाळता. भिंगरीला खाऊ दे म्हणालो तेही सांगितलं. सूनबाईने काय केलं ते सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा, होतं हो असं कधीकधी."

"होत नाही," मी म्हटलं. "माझ्याकडून कधी झालं नव्हतं. मला भीती वाटते आहे. ती भीती घेऊन मला इथे एकट्याने राहायचं नाही."

त्याचा आवाज लहानपणी शाळेतून यायला उशीर झाला की व्हायचा तसा झाला. "मग शनिवारी न्यायला येऊ?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून सूनबाईचा आवाज आला. काय म्हणाली ते मला कळलं नाही, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "ती म्हणतेय, तू शनिवार ठरवू नकोस. त्यांना कधी यायचंय ते त्यांना विचार."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. शनिवारच चालेल, म्हटलं.